लाटसाहेबांची तक्रार नव्हती

कोलकात्यातल्या हौशी रेडिओवाल्याला अँटेना स्वस्तात पडते, गच्ची मात्र महागात. ७ मेगाहर्ट्झसाठी २० मीटर तांब्याची तार मधोमध तोडायची, चांदनी मार्केटातून कोॲक्सियल केबल आणायची, टोकांना प्लास्टिक पाइपचे तुकडे बांधायचे, झाला डायपोल. मग सोसायटीची कमिटी उगवते. केंद्र सरकारचा परवाना दाखवा, उपयोग नाही. या तारेने म्हणे डोकी दुखतात, चिमण्या पळतात. शेजारीच मोबाइलचा मनोरा उभा असतो. पण तो भाडं देतो, त्यामुळे त्याच्या लहरी प्रकृतीला मानवतात.

याच शहराच्या टाउन हॉलमध्ये १८९५ साली जगदीशचंद्र बोसांनी लेफ्टनंट गव्हर्नरच्या देहातून आणि भिंतींतून लहरी पार धाडून पलीकडे घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. पुढे प्रयोगात चक्क रेल्वेचं वेळापत्रकही ध्रुवक म्हणून, म्हणजे लहरींचं कंपन एकाच प्रतलात आणायला, वापरलं. काटकसरीचा हा वारसा कमिटीला ठाऊक आहे. पुतळ्याला हार घालताना सगळे पुढे असतात.

गंगासागर मेळ्यात हरवलेली माणसं हेच हौशी रेडिओवाले शोधून देतात, तेव्हा कमिटी त्यांचाही सत्कार ठरवते. गच्चीवरच. फोटो नीट यावा म्हणून तार तेवढी आधी उतरवायला सांगते.