पाय आपले, मुलूख निजामाचा

विलायतेहून परतलेले आमचे स्नेही पॅरिस नगरीत नकाशावाचून भटकण्याच्या सुखाचे वर्णन करू लागले, की मी नम्रपणे जालन्याचे नाव काढतो. आणि ते हसू लागले, की त्याहूनही नम्रपणे सांगतो की, सप्टेंबर १९४८ पूर्वी पुण्याच्या माणसास परराज्यात जाण्यासाठी समुद्र ओलांडण्याचे प्रयोजन नव्हते, मनमाडास मोठी गाडी सोडून निजाम सरकारच्या छोट्या रुळांवरील गाडीत बसले म्हणजे भागत असे. भाकरी आपली, बाजारातील बोलीही बहुतांशी आपली. परंतु कचेरीचा कारभार उर्दूत, नाणे निराळे आणि सनही निराळा. शंभर कलदार रुपये सराफापुढे ठेवावेत, तो एकशे सोळाहून किंचित अधिक हाली रुपये पदरात पडत. आणि दफ्तरी फसली सन चालत असल्यामुळे चालू सालातून सुमारे ५९० वर्षे वजा होत. इतकी शतके हातची गेल्यावर आठ वाजता हे आणि नऊ वाजता ते, असे टिपण खिशात बाळगण्यात काय हशील?

ही विचारसरणी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, कारकुनास मात्र पटेना. पिशवीत महसुलास पात्र असे काहीच न निघाल्यामुळे तो आधीच खिन्न झाला होता.

"गावात काम काय?"

"काही नाही."

"सोयरे? कोर्टात तारीख? सरकीचा सौदा?"

"नाही. जरा हिंडावे म्हणतो."

'हिंडणे' या सदराखाली इसम दाखल करून घेण्याची तजवीज त्याच्या कीर्दीत नसावी. बराच वेळ लेखणी चावून त्याने मला यात्रेकरू ठरविले आणि माझ्या निरुद्योगास परस्पर धर्माचे अधिष्ठान दिले.

जालन्यात रस्ता चुकणे फार दुर्घट. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्यावर नवा; आणि पलीकडची वाट विचारावी, तर सांगणारा दुकान शेजाऱ्यावर सोपवून स्वतःच बरोबर निघे. अशा एका परोपकारी गृहस्थास मोठ्या शर्थीने चुकवून मी एका बोळात शिरलो आणि अवचित काळ्या मशिदीपुढे येऊन ठेपलो. ही मशीद आणि सराई जमशेद खानाची. त्यानेच मोती तलाव बांधून तेथून जमिनीखालील नळांनी गावातील हौदांपर्यंत पाणी आणले. सबब, या शहरी पाण्यालासुद्धा ठरावीक मार्ग होता. बेवारस हिंडणारा काय तो मी. अबुल फजलाचाही काही काळ येथे मुक्काम होता, आणि ज्याने 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या मुदपाकखान्यापासून हत्तींच्या चाऱ्यापर्यंत सर्वांची यादी केली, त्याने मला पाहिले असते, तर कोणत्या प्रकरणात घातले असते, याचा विचार करीत मी सराफ्यातून तीनदा त्याच पानवाल्यापुढे आलो. तिसऱ्या खेपेस त्याने न विचारता विडा पुढे केला. हा मान कार्यक्रमपत्रिका हाती घेऊन फिरणारास मिळत नाही.

सायंकाळी धर्मशाळेत पोहोचलो, तो माझी ख्याती माझ्याआधी तेथे पोहोचली होती. "यात्रेकरू आपणच ना?" म्हणून व्यवस्थापकांनी कागद पुढे केला: उत्तरेस राजूरचा गणपती, दक्षिणेस अंबडची मत्स्योदरी, तेथून समर्थांचे जांब, दर्शनाच्या वेळा तांबड्या शाईत, आणि पहाटे पाचाला टांगा दाराशी.

मी चारलाच उठलो आणि मागच्या दाराची कडी हलकेच काढली.