पाण्याच्या टेबलावरून

“ब्रिजीत, ए ब्रिजीत! रविवारी सकाळच्या मिस्साला दिसली नाहीस ती? तेही आगमनकाळात?”

“शनिवारी संध्याकाळी जाऊन आले, फिलूमावशी. रविवारी विरारला ड्युटी होती, मॅरेथॉनची.”

“तू धावलीस?”

“मी कसली धावते! पाणी वाटायला गेले होते.”

“पाणी वाटायला पहाटे उठून विरारला? इथे दारातल्या मोगऱ्याला कधी वेळेवर पाणी घातलं नाहीस!”

“सोपं नसतं गं. पेला अर्धाच भरायचा, काठोकाठ भरलेला धावत्याच्या नाकात जातो. हात लांब करून धरायचा, आपण रस्त्यात यायचं नाही. पुढची बरीच पोरं सैन्यातली. पेला हातातून गेला की कळतं, कोणीतरी गेलं!”

“कधीपासून चालू आहे गं हे?”

“२०११ पासून. आपली वसई-विरार महापालिका झाली २००९ला, तिच्यानंतर दोन वर्षांनी. दर वर्षी असते, कोरोनाची वर्षं सोडली तर; हल्ली डिसेंबरात. पूर्ण शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटर.”

“म्हणजे केवढं?”

“विरारला लोकल पकडून सांताक्रूझला उतरावं, तेवढं.”

“जेजू रे! बसायला जागा मिळाली तरी कंबर मोडते. माझ्या बहिणीचा मेल्विन आहे ना स्वीडनला, तोही असलंच काही करतो मार्चात. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जायचं, ९० किलोमीटर! वासालोपेत म्हणतात. १९२२ पासून चाललंय. सेलेनहून निघायचं, मोराला पोचायचं. हा वाटेत उभा राहून गरम ब्लूबेरीचं सूप वाटतो. फोटो धाडलाय, पोराच्या मिश्या जांभळ्या!”

“इथे गरम सूप दिलं तर आमच्याच डोक्यावर ओततील. ऊन चढलं की ही समुद्राची दमट हवा, घाम वाळतच नाही. घामातून मीठ जातं, नुसत्या पाण्याने भागत नाही. म्हणून तर शर्यत पहाटे सोडतात.”

“मग पुढचे गेले की तू मोकळी.”

“छे! पुढच्यांचं आपल्यावाचून काही अडत नाही. खरे तहानलेले मागून येतात. तेव्हा बघ्यांची गर्दी पांगलेली, बँडवाले गेलेले, रस्त्यात पेल्यांचा खच. एक पांढऱ्या केसांचे काका आले, टेबल दिसलं तर हात जोडले त्यांनी. शेवटचा माणूस जाईस्तोवर टेबल उचलायचं नाही बघ. पळणाऱ्यांत कोण कसा, ते आम्हालाच ठाऊक.”

“आपला डॉमनिकपण पळाला ना? काल बाजारात मेडल घालून फिरत होता. पूर्ण मारली म्हणाला.”

“पूर्ण? हळू बोल. आमच्या टेबलाशी आला, पाणी प्याला, कठड्यावर बसला, बूट काढले आणि रिक्षाला हात केला.”

“मग मेडल?”

“त्याचा पोरगा नव्हता का, लहान मुलांच्या शर्यतीत?”

“अगो बाय माझे!”

“मावशी, कोणाला बोलू नकोस हं. उगाच त्याच्या बायकोला वाईट वाटायचं.”

“मी कशाला बोलतेय? मला काय पडलंय! … अगो रोझी, रोझी! दूध घेऊन कुठे पळतेस? ये इकडे, वईजवळ ये जरा.”