हमी फक्त फ्लॉपीची

शेअरवेअर म्हणून वाटल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या साधनांचे परवाना-करार सहसा कोणी वाचत नाही, ही कायद्याच्या अभ्यासकांनी खेद करावा अशी गोष्ट आहे. कारण एकमेकांना कधीही न भेटलेले दोन पक्ष एकमेकांकडून कसलीही अपेक्षा न ठेवता वर्षानुवर्षे सलोख्याने नांदतात, याचे इतके निर्मळ उदाहरण अन्य करारांत क्वचितच सापडेल. शेअरवेअर म्हणजे आधी वापरा, इतरांना वाटा आणि पसंत पडल्यास पैसे पाठवा, या तत्त्वावर दिलेले सॉफ्टवेअर. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी ‘पीसी-टॉक’ हा संगणकांना टेलिफोनवरून जोडणारा प्रोग्रॅम याच रीतीने वाटला आणि आवडल्यास २५ डॉलर पाठवावेत, अशी विनंती केली. पुढच्याच वर्षी बॉब वॉलेस यांनी ‘पीसी-राइट’ हा लेखनाचा प्रोग्रॅम आणला आणि शेअरवेअर हे नाव रूढ केले. मात्र पैसे भरून नोंदणी केलेल्या माणसाच्या प्रतीवरून दुसऱ्या कोणी नोंदणी केल्यास त्या मूळ नोंदणीदाराला २५ डॉलर दलाली मिळेल, अशीही सोय त्यांनी करून ठेवली होती, यावरून माणसाच्या चांगुलपणावर विसंबण्याची मर्यादा त्यांना नेमकी ठाऊक असावी.

या व्यवस्थेत वापरकर्ता हा ग्राहक नसतो. तो ‘मूल्यमापन’ करीत असतो, म्हणजे साधन विकत घेण्याजोगे आहे की नाही याची पारख करीत असतो. ‘सब्लाइम टेक्स्ट’ हा प्रोग्रॅमरांच्या आवडीचा संपादक, म्हणजे कोड लिहिण्याचे साधन, मूल्यमापनासाठी फुकट मिळतो. वापर चालू ठेवायचा असल्यास परवाना विकत घ्यावा असे त्याचे निर्माते सांगतात आणि लगेच मूल्यमापनाला मुदतीचे बंधन तूर्तास घातलेले नाही, हेही प्रांजळपणे कळवतात. फाईल जतन करताना अधूनमधून एक चौकट उघडून खरेदीची आठवण करून देते. पारखी ती चौकट बंद करतो आणि पारख पुढे चालू ठेवतो. त्याने त्याच संपादकात लिहिलेले प्रोग्रॅम विकले जातात, त्याची बढती होते, त्याचे घर उभे राहते, पण संपादक बरा आहे की वाईट याचा निर्णय काही लागत नाही.

निर्मात्याची बाजूही तितकीच निरिच्छ असते. साधन ‘आहे त्या स्थितीत’ दिले आहे, असे करार सांगतो. बँकांच्या लिलावाच्या जाहिरातींत ‘जसे आहे जेथे आहे’ या तत्त्वावर फ्लॅट विकतात, त्याच जातीची ही भाषा आहे, फरक एवढाच की फ्लॅट निदान आधी पाहता येतो. त्यापुढे ‘विक्रीयोग्यते’ची हमी नाकारलेली असते. विक्रीयोग्यता म्हणजे वस्तू तिच्या नेहमीच्या कामाला उपयोगी पडेल, ही कायद्याने गृहीत धरलेली किमान अपेक्षा. हा नकार ठळक दिसला पाहिजे, असे अमेरिकेची एकरूप व्यापार संहिता सांगते, आणि म्हणूनच करारातील तो परिच्छेद संपूर्ण मोठ्या रोमन अक्षरांत छापलेला असतो. (देवनागरीत मोठी अक्षरे नसल्यामुळे मराठी विक्रेत्याला जबाबदारी हळू आवाजातच झटकावी लागेल.)

जुन्या करारांत एक हमी मात्र आवर्जून दिलेली असे: प्रोग्रॅम ज्या फ्लॉपीवर येई, ती फ्लॉपी ९० दिवस निर्दोष राहील. फ्लॉपीवर काय आहे याबद्दल निर्माता मौन पाळी, आणि प्लॅस्टिकबद्दल तो ठाम असे. पुढे साधने इंटरनेटवरून उतरवून घेता येऊ लागली, फ्लॉपी गेली आणि तिच्यासोबत संपूर्ण करारातील एकमेव ठोस आश्वासनही गेले.

तरीही नुकसान झालेच तर? निर्मात्याची जबाबदारी वापरकर्त्याने भरलेल्या किमतीपेक्षा अधिक असणार नाही, असे कलम अशा करारांत हमखास असते, आणि येथेच शेअरवेअरचे अर्थशास्त्र शिखर गाठते: बहुसंख्य पारख्यांनी शून्य भरलेले असते, त्यामुळे त्यांना मिळू शकणारी कमाल भरपाईही शून्य ठरते, आणि दोन्ही पक्षांचा हिशेब दमडीचाही घोळ न होता जुळतो. प्रोग्रॅमिंगच्या साधनांत या तत्त्वाला वंशवेलही फुटते. कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राला समजेल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम, हमीविना येतो. त्याने तयार केलेले सॉफ्टवेअर विकताना प्रोग्रॅमर तोच नकाराचा परिच्छेद उतरवून घेतो. त्याचा ग्राहक आपल्या ग्राहकाला तोच देतो. सर्वांत शेवटी उभा असलेला खातेदार ज्या सॉफ्टवेअरवर विसंबतो, त्याच्या पोटात असे किती नकार एकमेकांवर रचलेले आहेत, याची मोजदाद कोणी करीत नाही.

विकले काय जाते, हाही प्रश्न उरतोच. निर्मात्याच्या मते काहीच विकले जात नाही, केवळ वापराची परवानगी दिली जाते. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने मात्र टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात २००४ साली तयार सॉफ्टवेअरची प्रत हा ‘माल’च आहे, असा निर्णय दिला, अर्थात विक्रीकर वसूल करण्यापुरता. कर भरताना तो माल असतो आणि बिघडल्यावर ती परवानगी असते.

या परवानगीलाही मर्यादा असतात. सन कंपनीच्या जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या जुन्या परवान्यात विमानांचे नियंत्रण आणि अणुकेंद्रांची उभारणी यांसाठी हे साधन नाही, असे बजावले होते. ॲमेझॉनने २०१६ साली ‘लम्बरयार्ड’ हे संगणकीय खेळ रचण्याचे साधन फुकट दिले, तेव्हा त्याच्या अटींतही जिवावर बेतू शकेल अशा यंत्रणांत वापर करण्यास मनाई होती, मात्र ५७.१० क्रमांकाच्या कलमाने, चाव्यातून पसरणाऱ्या विषाणूमुळे मृतदेह उठून जिवंत माणसांचे मांस खाऊ लागले आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तसे प्रमाणित केले, तर ही मनाई लागू राहणार नाही, अशी सवलत दिली होती. सवलत केवळ मनाईपुरती होती. साधन तेव्हाही आहे त्या स्थितीतच मिळणार होते.