दहाच गोळ्या देणाऱ्या साहेबांस

सन्माननीय साहेब,



प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या रुग्णाला एका वेळी दहाच गोळ्या द्यायच्या, हा आपला दंडक म्हणजे गरिबांवर थोर उपकार. खुरपणीचा रोज बुडवून, वडापचं भाडं भरून आलेल्या मावशींना आपण महिन्यातून तीनदा ओपीडीची रांग दाखवता. तिसऱ्या खेपेला खिडकीतून आवाज येतो, "संपल्यात, बाहेरून घ्या." मावशी मुकाट्याने घरी जातात. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी बरं झालं, अशी स्वतःची समजूत घालतात आणि गोळी सुटते.

बीपीच्या मोजणीचेही आभार मानावे तेवढे थोडेच. मावशी चालत आल्या की धाप ओसरायच्या आत दंडाला पट्टा, तोही स्वेटरवरून. पाच मिनिटं शांत बसवावं, पाठीला टेकू द्यावा, हात छातीच्या पातळीवर ठेवावा, हे सिस्टरना पाठ आहे. पण लसीकरण, बाळंतपण आणि ऑनलाइन माहिती भरणं, सगळं आपण त्यांच्याच गळ्यात घातलंत. मग रजिस्टरात गोल आकडे पडतात. आपल्याला तेच आवडत असावेत, कारण त्याबद्दल कधी विचारणा झाल्याचं ऐकिवात नाही.

आपल्या थोर विस्मरणशक्तीलाही वंदन. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा बीपी नियंत्रणाचा उपक्रम २०१७ साली पाच राज्यांत सुरू झाला. पहिल्या टप्प्यात आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. ठरलेला उपचारक्रम, निदान तीस दिवसांच्या गोळ्या, पुढचा साठा घराजवळच्या उपकेंद्रात, आणि जो आला नाही त्याला फोन. एवढ्याशा साध्या गोष्टींसाठी २०२२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्याची पुस्तिका आपल्या कपाटात सुखरूप असेलच.

ॲम्लोडिपिन या बीपीच्या औषधाची साधी गोळी टपरीवरच्या चहापेक्षा स्वस्त आहे, साहेब. ती चुकत राहिली की अर्धांगवायू होऊ शकतो, तोंड वाकडं होतं, कमावता हात लुळा पडतो आणि घरातली मुलगी शाळा सोडून उशाशी बसते. इथे माझं आर्जव संपतं. तीस दिवसांच्या गोळ्या द्या. उपकेंद्रात द्या. साठा संपायच्या आधी मागणी पाठवा.

आणि वाचकहो, तुमच्या केंद्रात दहाच गोळ्या हातावर पडत असतील, तर येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि औषधसाठ्याचा हिशेब मागा.

आपला नम्र,
रांगेतला एक