व्हाऊचर आहे का?

आमच्या संस्थेत कुणी नवा माणूस रुजू झाला की आठवड्याभरात त्याची अकाउंट्सच्या काकांशी गाठ पडते. बिचारा रिक्षाचे साठ रुपये मागायला गेलेला असतो. काका चष्म्याच्या वरून बघतात, उजवा हात पुढे करतात आणि विचारतात, "व्हाऊचर आहे का?" नसतं. "पावती?" आता रिक्षावाला कुठली पावती देतो! "मग मी ऑडिटरला काय दाखवू, तुमचा चेहरा?" एवढं बोलून ते कोरं व्हाऊचर काढतात, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं फुली मारतात आणि साठ रुपये मोजून हातावर ठेवतात. मोजतात दोनदा.

असे काका तुमच्याही ओळखीचे असतील. संस्था वसतिगृह चालवो, वाचनालय चालवो नाहीतर गणेशोत्सव करो, तिच्या आतल्या खोलीत कागद उडू नयेत म्हणून मे महिन्यातही पंखा एकवर ठेवून बसलेला एक गृहस्थ असतोच. आमच्या काकांच्या खणाला कुलूप आहे. आत 'पेड'चा शिक्का, नोटा मोजायचा ओला स्पंज, एक रुपयाची रेव्हेन्यू तिकिटं, टाचण्या आणि स्वतःच्या नावाची पट्टी चिकटवलेला स्टेपलर. निळं पेन रोजचं, लाल पेन चुकांचं. हिरव्या पेनाला ते हात लावत नाहीत, कारण हिरवी शाई ऑडिटरची. मी एकदा घाईत हिरव्या पेनानं सही केली, तर म्हणाले, "अभिनंदन. सीए कधी झालात?"

गेल्या वर्षी विश्वस्तांनी ठरवलं की हिशेब क्लाउडवर न्यायचे. कारणं सगळी पटण्यासारखी होती. संस्थेचा सगळा जमाखर्च काकांच्या खोलीतल्या एका संगणकावर, आणि त्याचा बॅकअप एका पेनड्राइव्हवर. तो दर शनिवारी डब्याच्या पिशवीतून, लोणच्याच्या बाटलीशेजारी बसून, काकांच्या घरी जायचा. भोरच्या केंद्राची बिलं महिनाअखेरीला एसटीच्या पार्सलनं यायची. खजिनदार सहा महिने लेकीकडे न्यू जर्सीला. आणखी एक कारण होतं, ते इतिवृत्तात नाही: सगळं ऑनलाइन झालं की काकांच्या टेबलासमोर उभं राहावं लागणार नाही, अशी आम्हा सगळ्यांचीच आशा होती.

त्या बैठकीत पाचपैकी चार विश्वस्तांनी ढगाचा विनोद केला. काका चारही वेळा हसले आणि मग म्हणाले, "यातलं इतिवृत्तात काय घेऊ?"

त्यांचा विरोध संगणकाला आहे असं कुणाला वाटत असेल तर ते चूक. टॅलीवर त्यांची बोटं हार्मोनियमवर चालावीत तशी चालतात. एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल. खाली मान न घालता. माउस हे त्यांच्या मते काम न येणाऱ्या माणसाचं साधन. नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गोष्टीला टिचकी मारायची, तेव्हा पहिले पंधरा दिवस ते माउस असा धरत होते की जणू दुसऱ्याचा रुमाल.

सॉफ्टवेअर शिकवायला एक पंचविशीतली मुलगी यायची. काका तिला ताई म्हणत, ती त्यांना सर म्हणे. पहिल्याच दिवशी तिनं पडदा दाखवला तर त्यावर देणगीदारांच्या यादीला नाव 'कस्टमर'. काकांनी चष्मा काढला. "ताई, ह्या बाई गेली एकोणीस वर्षं यजमानांच्या पुण्यतिथीला एका मुलाच्या जेवणाचे पैसे देतात. त्या कस्टमर? मग आपण काय, खानावळ?" तिनं तो शब्द बदलून दिला. पुढच्या पानावर 'प्रॉफिट अँड लॉस'. "आपल्याला नफा होत नाही. उत्पन्न आणि खर्च. उरलं तर आधिक्य, कमी पडलं तर तूट. १९५०चा विश्वस्त व्यवस्था कायदा, ताळेबंद अनुसूची आठमध्ये, उत्पन्न-खर्च नऊमध्ये. धर्मादाय आयुक्तांकडे ह्याच नमुन्यात जातो." तिनं हे सगळं वहीत लिहून घेतलं. त्या क्षणी काकांचं तिच्याबद्दलचं मत बदललं. लिहून घेणारी माणसं त्यांना आवडतात.

खरी जुंपली ती परदेशी देणग्यांवरून. ती म्हणाली, सगळं एकाच कंपनीत ठेवू, परदेशी पैशाला फक्त टॅग लावू, रिपोर्ट वेगळा काढता येईल. काकांनी कानावर हात ठेवले. त्यांच्या लेखी एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचा, पैसा सोवळ्यातला. त्याची वही वेगळी, फाइल वेगळी, कपाटाचा कप्पासुद्धा वेगळा; देशी व्हाऊचर चुकून त्या कप्प्यात गेलं तर ते बाहेर काढून हात धुवायचे बाकी राहतात. गंमत म्हणजे कायदाही तेच सांगतो, हिशेब वेगळेच ठेवा म्हणून. २०२०च्या दुरुस्तीनंतर तर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. काका दिल्लीला कधी गेलेले नाहीत, पण 'आपली संसद मार्गची शाखा' असं ते कुलदैवताच्या गावाबद्दल बोलावं तसं बोलतात. निवृत्तीनंतर दिल्ली बघायचीय म्हणाले. आधी बँक, वेळ उरला तर संसद.

मग तिनं जुन्या वह्यांचा मुद्दा काढला. संस्थेच्या सगळ्यात जुन्या खतावणीच्या कडेला अजून मातीचा तपकिरी पट्टा आहे. १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर. नारायण पेठेतल्या त्या जुन्या जागेत पाणी शिरलं, त्याआधीच्या कीर्दी गेल्या, ही एक तेवढी वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. काकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण गेलेल्या वह्यांबद्दल ते घरातलं माणूस गेल्यासारखं बोलतात. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, क्लाउडवर असत्या तर राहिल्या असत्या." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

पासवर्डचं त्यांनी जे केलं ते सांगायलाच हवं. बदलायचा नाही, कुणाला सांगायचा नाही, विसरायचा तर नाहीच. म्हणून त्यांनी तो कागदावर लिहिला, पाकिटात घातला, पाकिटाच्या तोंडावर दोन विश्वस्तांच्या आडव्या सह्या घेतल्या, वर रेव्हेन्यू तिकीट लावलं आणि पाकीट मुदतठेवींच्या पावत्यांबरोबर तिजोरीत ठेवलं. तिकीट कशाला, विचारलं तर म्हणाले, "शोभतं." मात्र ओटीपी कुणाच्या तरी चुकीनं खजिनदारांच्या फोनवर जोडला गेला होता. काकांनी सकाळी अकराला दुकान उघडलं की न्यू जर्सीत रात्री दीडला फोन वाजायचा. खजिनदार तीन रात्री अर्धवट झोपेत सहा आकडे वाचून दाखवत होते. चौथ्या रात्री त्यांच्या लेकीनं फोन घेतला, आणि त्याच दिवशी ओटीपी काकांच्या फोनवर आला.

जुन्या शिलका नव्यात नेल्या आणि ट्रायल बॅलन्स जुळेना. फरक २,७०० रुपये. रक्कम क्षुल्लक, तात्पुरती सस्पेन्स खात्याला टाकून पुढे जाऊ, असं सगळ्यांचं मत पडलं. सस्पेन्स हा शब्द ऐकला की काकांचा चेहरा कुणी चप्पल घालून देवघरात शिरल्यासारखा होतो. त्यांनी डबासुद्धा उघडला नाही. आधी फरकाची निम्मी रक्कम, १,३५०, कुठे आहे का पाहिलं. असती तर नावेची नोंद जमेला पडली असं समजायचं. नव्हती. मग पाठकोऱ्या कागदावर २,७०० भागिले नऊ केलं आणि तीनशे आले तसे खुलले. "भाग जातोय. आकडे उलटे पडलेत कुठेतरी." शेजारीशेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले की फरकाला नवानं भाग जातोच, हे मला माझ्या वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. त्या मुलीलाही नवीन होतं. पडद्यावर शोधणं त्यांना जमेना. अनामतींच्या यादीची अठरा पानं छापून घेतली, पट्टी ठेवून एकेका ओळीवर पेन्सिलीची टिंबं देत गेले. सहा वाजता सापडलं: मेसच्या ठेकेदाराची अनामत ५,८१४, टाइप झाली होती ८,५१४. यादी टाइप मी केली होती. काका एवढंच म्हणाले, "होतं," आणि ते लाल पेनानं लिहून ठेवलं.

एका गोष्टीचा मात्र आम्हाला कुणाला अंदाज नव्हता. नव्या प्रणालीत नोंद कुणी केली, कधी केली, नंतर कुणी बदलली, आधी काय होतं, हे सगळं तारीख-वेळेसह राहतं. पुसायला जाल तर पुसल्याचीही नोंद पडते. काकांनी ते पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी शेजारी होतो. खालपर्यंत वाचलं, परत वर गेले, परत वाचलं. चाळीस वर्षं एकट्यानं किल्ला लढवावा आणि अचानक बुरुजावर आपल्याच पलटणीचा माणूस दिसावा, तसे दिसत होते. "हा विसरत नाही," म्हणाले. सॉफ्टवेअरला त्यांनी 'हा' म्हटल्याचं ते पहिल्यांदाच.

तेव्हापासून आमचे हाल सुरू झाले. पूर्वी काका साडेपाचला खणाला कुलूप लावून निघाले की दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत आपण मोकळे. आता त्यांच्या फोनवर ॲप आहे. बिलाचा फोटो जोडल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही, आणि फोटो तिरका असेल तर ते परत पाठवतात. भोरच्या केंद्रातली बाई एकदा फोनवर रडकुंडीला आली होती. गॅसच्या बिलाचा एक कोपरा तिच्या अंगठ्याखाली गेला म्हणून बिल दोनदा परत आलं. कॉफीसाठी बाहेर गेलो होतो, तिथे मला संदेश. सिनेमाच्या मध्यंतरात संदेश. परवा लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढत असताना फोन थरथरला. दोन पानं सोडून तिसऱ्या पानावर काका स्वतःच जेवत होते, डाव्या हातात फोन. उजव्या हातानं मठ्ठा.

पडद्यावर अजूनही पेन्सिलीची बारीक टिंबं दिसतात. सवय जात नाही म्हणतात. महिन्यातून एकदा स्पिरिटनं पुसतात.

काल रात्री दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. संदेश असा: "दि. १४, रिक्षा, रु. १३०. जोडपत्र नाही. खुलासा व्हावा." मी लिहिलं, काका, रिक्षावाला पावती देत नाही. लगेच उत्तर आलं, एका कोऱ्या व्हाऊचरचा फोटो. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीची फुली होती.