दुसरा नळ

पालकसभेत बाईंनी सहज विचारलं, "घरी पुस्तकं कोण वाचतं?" माझी दुसरीतली लेक ताडकन उभी राहिली. "पप्पा वाचतात. लाइटबिल."

सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणारा मी एकटाच उरलो असतो. खरं तर बावीस वर्षं मी सुरतेत, रिंग रोडच्या कापड मार्केटात मेहताजी, म्हणजे हिशेबनीस, आहे. रोज शंभर-दोनशे पानं नजरेखालून जातात. पण त्यांत पार्टीचं नाव, ताके, मीटर आणि बाकी यापलीकडे कथानक नसतं. फार तर शेवटी पार्टी पळून जाते.

बाई म्हणाल्या, मुलांची कल्पनाशक्ती वाढवायची तर घरात पुस्तकं हवीत, वाचणारी माणसं हवीत, वाचायचा एक कोपरा हवा. आमच्या घराला कोपरे चारच. एकात फ्रिज, एकात देव, एकात आईची खाट आणि चौथ्यात बायकोच्या साड्यांचा ढीग. ती घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. चौथा कोपरा मी मागितला. "देते की," ती म्हणाली, "घरखर्चपण कल्पनेनेच चालवू." शेवटी मार्केटातून साड्यांचं एक रिकामं खोकं आणलं, फ्रिजच्या डोक्यावर ठेवलं आणि त्याला ग्रंथालय म्हटलं.

आता ग्रंथ. गोडादऱ्यात मराठी माणसांना तोटा नाही. महाराणा प्रताप चौकात उभं राहून "ओ आबा!" अशी हाक मारा, नंदुरबारपासून चाळीसगावपर्यंतचे दहा जण मागे वळून बघतील. पण आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे मराठी पुस्तक मागितलं तर तो पंचांग काढून देतो. मी शिकलो महापालिकेच्या मराठी शाळेत. इथली शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते, त्यांत मराठीही आहे. पण लेकीला घातलं इंग्रजी शाळेत. तेव्हा शहाणपणा अंगात आला होता. आता ती शाळेत इंग्रजी बोलते, बिल्डिंगमध्ये हिंदी, दुकानात गुजराती, आजीशी अहिराणी. मराठी ती माझ्यासाठी राखून ठेवते, तीही मी रागावलो की.

मार्केटातल्या एका गुजराती मेहताजीला हे दुःख सांगितलं. तो म्हणाला, "गिजुभाई वाचा." गिजुभाई बधेका मूळचे वकील. १९२० मध्ये भावनगरला त्यांचं बालमंदिर सुरू झालं. मुलांना छडीऐवजी गोष्टी दिल्या पाहिजेत असं त्यांचं म्हणणं. गोष्ट कशी सांगावी यावर त्यांनी 'वार्तानुं शास्त्र' हे पुस्तकच लिहिलं. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करायला भावनगरला गेल्या, आणि पुढे ते सगळं बोर्डी आणि कोसबाडच्या मुलांपर्यंत घेऊन आल्या. गिजुभाईंना लोक म्हणत 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई. हे ऐकून मला फार धीर आला. सोडून देण्यासारखी वकिली माझ्याकडे नव्हती, पण मिशी होती.

सुरुवात 'श्यामची आई'ने केली. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते आणि आई अमळनेरकडची, म्हणजे जवळजवळ घरचंच पुस्तक. रात्री जेवणं झाल्यावर टीव्ही बंद केला आणि खड्या आवाजात वाचायला बसलो. दुसऱ्या पानावर घसा दाटला. तिसऱ्या पानावर मी चक्क रडायला लागलो. लेकीने पाण्याचा तांब्या आणून दिला. आई खाटेवरून उठली. "काय व्हयनं रे? का बरं रडी राहिना? गावले कोन मरनं का?" बायकोने घाईघाईने मोबाईल तपासला, गावाकडून काही निरोप आलाय का म्हणून. त्या गडबडीत टीव्ही कोणी लावला ते कळलं नाही, पण लावला.

मग बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक मोबाईलवर उतरवून घेतले. १९७१ पासूनचा खजिना, आणि फुकट. मोबाईल तिच्या हातात दिला आणि पाचव्या मिनिटाला तिथे मांजर उंदराच्या मागे धावत होतं. तो उपाय तिथेच मिटवला.

शेवटी मेहुण्याला साकडं घातलं. तो रेल्वेने यायचा होता. म्हटलं, येताना मराठी पुस्तकं आण, जुनी चालतील. उधना स्टेशनवर तो उतरला तो पाठीवर गोणी घेऊन. रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेली. "दाजी, नग बघू नका, वजन बघा." घरी येऊन गोणी पालथी केली. दोन दिवाळी अंक, एक पाककृतींचं पुस्तक, राक्षसाच्या गोष्टींचं एक मुखपृष्ठ गेलेलं पुस्तक, आणि बाकी अकराच्या अकरा आठवीच्या गणिताची गाइडं.

मी कपाळाला हात लावला. लेकीने मात्र एक गाइड उचललं, चित्र नाही, रंग नाही, तरी खाटेखाली शिरून अक्षर लावत वाचायला लागली. थोड्या वेळाने डोकं बाहेर काढून म्हणाली, "पप्पा, एक नळ टाकी भरतो आणि दुसरा नळ टाकी रिकामी करतो."

"बरं."

"दुसरा नळ कोणी उघडला?"

चाळीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. आठवीत मी या गणिताला तीन वेळा नापास झालो, पण दरवेळी टाकी किती तासांत भरेल याच विवंचनेत. तो दुसरा नळ उघडणारा कोण हरामखोर, हे सरांनीही कधी विचारलं नाही. मी थातूरमातूर म्हटलं, "असेल कोणी. तूच विचार कर." आणि बायकोकडे वळून हळूच म्हणालो, "बघितलंस? कल्पनाशक्ती!" ती म्हणाली, "टिकल्यांच्या डबीवरचा पाय काढा."

मी राक्षसाच्या पुस्तकाकडे वळलो. राक्षस वाचायचा तर राक्षसाचा आवाज हवा, आणि तो घरात काढून बघायची सोय नाही. आई लगेच दृष्ट काढते. म्हणून एका रात्री अकराला मी वर गेलो. त्या जागेला पुस्तकात गच्ची म्हणतात, शेजारी अगासी म्हणतात आणि आईच्या लेखी ते धाबं. पाण्याच्या टाकीआड उभा राहून मी अर्धा तास "हाऽऽऽ, माणूसघाण्या!" करत होतो. घसा सुकला. टाकीला खाली एक धुण्याचा नळ आहे, तो सोडला. टाकी रिकामी होती. मोटर पहाटे पाचला लागते. नळ नुसता फुसफुसला. मी त्याला राक्षसाच्याच आवाजात एक शिवी दिली. तेवढ्यात पावसाची सर आली आणि मी जिन्याकडे पळालो.

दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी सुरू झाल्या. माझी डावी चप्पल सापडेना, आणि बिल्डिंगमध्ये सकाळी आठलाच पाणी संपायला लागलं. चपलेचा आळ मी खालच्या कुत्र्यावर घेतला. पाण्याचा आळ चौथ्या मजल्याने तिसऱ्यावर, तिसऱ्याने दुसऱ्यावर घेतला. एरवी पन्हाळीतून पाणी पडताना कोणीतरी मान वर केली असती, पण जुलै होता, सगळ्याच पन्हाळी वाहत होत्या. तीन दिवसांत दोन टँकर आले. बायका कळशा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. मी त्या रांगेत बेजबाबदार लोकांवर छोटंसं भाषणही केलं.

रविवारी बिल्डिंगचे प्रमुखकाका कमिटी घेऊन घरोघर चौकशीला निघाले. काका काठियावाडी, बोलणं कमी, वही मोठी. बरोबर मंत्री, म्हणजे बिल्डिंगचे सेक्रेटरी, आणि शिरपूरच्या वहिनी. आमच्याकडे आले तेव्हा मी चहा टाकायला सांगितला. लेक गाइड घेऊन बसली होती. काकांनी कौतुकाने विचारलं, "बेटा, शुं वांचे छे?"

मला राहवलं नाही. इतक्या दिवसांची मेहनत, आणि आयते श्रोते. म्हटलं, "काका, पाण्याचं नंतर बघू. आधी हिची गोष्ट ऐका. स्वतः रचलीय. सांग बेटा, दुसरा नळ कोणी उघडला?"

ती उठली, हात मागे बांधले आणि सगळ्यांना कळावं म्हणून सरळ हिंदीत सुरू झाली. "एक आदमी था. उसको मूछ थी. दिन में वो साडी गिनता था. रात को राक्षस बनता था."

"वाह!" मी म्हणालो.

"एक रात वो अगासी पे गया. उधर जोर जोर से चिल्लाया. मैं सीढी पे बैठी थी. उसको प्यास लगी. उसने नल खोला. पानी नहीं आया. तो उसने नल को गाली दी."

"क्या गाली दी?" मंत्र्यांनी विचारलं. तिने सांगितली. शिरपूरच्या वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी अजून हसतच होतो, हे मला नंतर बायकोने सांगितलं. म्हणे, गोष्टीत रंगलेला माणूस असाच दिसतो.

"फिर बारिश आयी. वो भाग गया. नल बंद नहीं किया. और उसकी एक चप्पल उधर ही रह गयी."

घरात शांतता पसरली. काकांची नजर माझ्या मिशीवर आली, तिथून दाराबाहेरच्या चपलांवर गेली. एकटी उजवी चप्पल जिन्याकडे तोंड करून पडली होती. काकांनी एका पोराला वर पाठवलं. तो आला तेव्हा त्याच्या हातातल्या चपलेतून पाणी गळत होतं.

आई खाटेवरून म्हणाली, "पोर खोटं नही बोलस."

दोन्ही टँकरचे पैसे मी भरले. काकांनी वहीत रक्कम मांडली आणि खर्चाच्या रकान्यात गुजरातीत लिहिलं, 'बीजो नळ'. पावतीही तशीच दिली. ती सध्या फ्रिजवरच्या खोक्यात आहे. घरातली सगळ्यात जास्त वेळा वाचली गेलेली चीज तीच. बायको पाहुण्यांना ती मोठ्याने वाचून दाखवते, राक्षसाच्या आवाजात.

हल्ली संध्याकाळी काकांची दोन नातवंडं आणि शिरपूरकरांचा मुलगा आमच्या दारात येऊन बसतात. लेक गाइड मांडीवर घेते. पुस्तक मराठी, गोष्ट हिंदी, मधल्या शिव्या गुजराती. परवा ती काळ-काम-वेगाच्या धड्याशी पोचली. पाच माणसं एक भिंत बांधायला घेतात आणि चार दिवसांनी त्यांतले दोघं काम सोडून जातात. "पछी?" काकांचा नातू म्हणाला. लेकीने पुस्तकातून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

"पप्पा, ते दोघं कुठे गेले?"

उत्तर द्यायच्या आधी मी दाराबाहेर डोकावून दोन्ही चपला जागेवर आहेत ना, ते बघून घेतलं.