हयात, पण अत्यावश्यक नाही

नोव्हेंबर आला की पेन्शनर माणसाला आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. ‘जीवन प्रमाण’ ही ऑनलाइन सोय २०१४ पासून आहे, पण माझा अंगठा कुठल्याही यंत्रावर उठत नाही. त्यामुळे २०२० च्या नोव्हेंबरात, सगळे जीव वाचवायला घरात बसलेले असताना, आम्ही उभयता जीव असल्याचा दाखला द्यायला पुण्याहून मुंबईला गेलो.

फोर्ट ओस पडलं होतं. हुतात्मा चौक मी रमतगमत, मधे थांबून चष्मा पुसून ओलांडला. राजाबाई टॉवर जागेवर होता. बँकेत काचेपलीकडच्या मुलीनं मास्क खाली करायला सांगितला, फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाली, “चालेल.” माझ्या हयातीबद्दल इतकं बरं आजवर कुणी बोललेलं नाही.

मुक्काम मुलुंडला, मेहुणीकडे. सीएसएमटीला पोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. मार्चमध्ये बंद पडलेली लोकल १५ जूनपासून फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी धावत होती. २१ ऑक्टोबरपासून बायकांनाही मुभा मिळाली होती. अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर.

“अत्यावश्यक सेवेत आहात?” दारावरच्या जवानानं विचारलं.

“निवृत्त आहे. पण हयात आहे,” म्हणत मी बँकेची पोचपावती पुढे केली. त्यानं ती मन लावून वाचली.

“हे चालत नाही, काका. ताई, तुम्ही जा.”

हिनं घड्याळाकडे पाहिलं. “अहो, तीन वाजले की मीही तुमच्यातच जमा. येते मी!” आणि गेली. तिच्याबरोबर पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि सॅनिटायझरही गेला. माझ्याकडे हयातीचा पुरावा आणि दिवाळीच्या फराळाची पिशवी राहिली. पिशवीला हात लावायचा नाही, ही ताकीद पुण्यातच मिळाली होती.

स्टेशनाबाहेर एक पॉलिशवाला बसला होता. मे महिन्यात गावी गेला होता, गणपतीनंतर परत आला. लोकलच्या गर्दीवर जगणारा धंदा. गर्दीच नाही तर बूट कुठून येणार? मला वाईट वाटलं. मी पाय पुढे केला. त्यानं माझी कोल्हापुरी उलटीपालटी करून पाहिली आणि परत दिली. “याला पॉलिश नको, काका. घरी तेल लावा.” सकाळपासून त्याच्याकडे दोनच गिऱ्हाइकं आली होती. मी नोट काढली, तर म्हणाला, “काम केलं नाही, पैसे कसले?” पुढे बराच वेळ मला कुठलाही विनोद सुचला नाही.

मग बस. मुंबई एवढी शांत का, याचा उलगडा तिथे झाला: ती सगळी बसच्या रांगेत उभी होती. एरवी लोकल रोज पाऊणशे लाखांच्या आसपास माणसं वाहते. त्यांतली जी कामावर परतली होती पण अत्यावश्यक नव्हती, ती माझ्या पुढे होती. दादरला हिचा फोन आला, “पोचले. जेवलेसुद्धा.” शीवला बस बदलली, तेव्हा ती झोपून उठली होती. भांडुपला विचारलं, “चहा झालाय, तुमचा ठेवू की तुम्ही जेवायलाच येताय?” माझ्या शेजारी उभा असलेला तरुण हे रोज करत होता, जाताना अडीच तास, येताना अडीच तास. त्याला घरून असा फोन येत नव्हता, कारण त्याची बायको याच रांगेत मागे कुठेतरी होती. तिच्या कामाच्या वेळा लोकलच्या मुभेत बसत नव्हत्या.

मुलुंडला साडूंनी दार उघडलं. ते मार्चपासून घरूनच काम करत होते. “काय शांत झालीय ना हो मुंबई! हवाही स्वच्छ. अशीच राहायला हवी!” मी फराळाची पिशवी जरा आपटूनच ठेवली. चकल्यांचं जे व्हायचं ते झालं. पगार घरबसल्या खात्यात पडत असेल, तर शांतता कुणालाही आवडते. पॉलिशवाल्याला विचारा म्हणावं.

लोकल सर्वांना खुली झाली ती १ फेब्रुवारी २०२१ ला. तीही सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. म्हणजे नोकरदार सोडून सगळ्यांच्या सोयीनं. तुम्ही मुंबईला जाल तेव्हा गर्दीच्या वेळी जा, धक्के खा, आणि तक्रार करू नका. पायात मात्र बूट घाला.